दोघांचं गाणं एकटीनं

आमच्या आईचा आवाज उंच आहे. मागच्या वर्षी या ‘आहे’च्या जागी ‘होता’ म्हणायची वेळ आली, आणि मी ते म्हणायला तयार नव्हते. तिच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ काढून काही महिने झाले होते, नाताळ तोंडावर आला होता, आणि आमच्या घरात प्रश्न एकच होता: आई यंदा तिचं गाणं म्हणणार की नाही? तो प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. आई तर मुळीच नाही.

तिचं गाणं म्हणजे जुन्या मराठी सिनेमातलं एक युगलगीत. नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही गुणगुणायला लागाल आणि माझं ऐकायचं राहील. बाईनं एका ओळीत विचारायचं, बुवानं पुढच्या ओळीत उत्तर द्यायचं, असं ते आहे. नाताळाच्या आठवड्यात गावातल्या चर्चच्या आवारात आमचं स्नेहभोजन असतं. पंगत, मुलांचे खेळ, बक्षिसं, आणि मग ज्याला जे येतं ते त्यानं म्हणायचं. तिथं सिनेमाच्या गाण्यांना मुभा असते, आणि तिथं आई हे गाणं दरवर्षी म्हणते. एकटी. बाईची ओळही तिची, बुवाची ओळही तिचीच. माझे पप्पा तेव्हा पहिल्या रांगेत शेंगा सोलत बसलेले असतात. गावाला याची इतकी सवय झाली आहे की त्या गाण्यात एक पुरुष असतो हे बऱ्याच जणांना ठाऊकही नसेल.

मी नगरला असते. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं स्टोअर माझ्याकडे आहे. नट एका डब्यात आणि त्याचा बोल्ट दुसऱ्याच डब्यात दिसला की माझं डोकं फिरतं, आणि गाण्यांच्या बाबतीतही माझा स्वभाव तोच. चांगल्या भल्या जुन्या गाण्याला मागून धडाधडा ठोके लावून हळदीत वाजवतात, ते कानावर पडलं की मी जेवण अर्धं टाकून उठते. एसटीत मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावणाऱ्याला मधल्या फाट्यावर उतरवून द्यावं अशा मताची मी आहे. गाण्यातलं शास्त्र मला काडीचं कळत नाही. पण कानाला वळण लहानपणीच लागलं, आणि ते लावलं साखर कारखान्यानं.

पप्पा कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात होते, आणि आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. गळीत हंगाम सुरू झाला की गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची ही भली मोठी रांग लागायची. नंबर येईपर्यंत ड्रायव्हर लोकांना दुसरं काम काय? ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरवर टेप आणि सीटच्या मागे स्पीकरचे डबे. एकाकडे लावणी, त्याच्या पुढच्याकडे हिंदीतलं रडगाणं, त्याच्या पुढे भीमगीत, मग एखादं देवीचं. आम्ही पोरं ट्रॉलीतला ऊस ओढायच्या निमित्तानं रांगेच्या कडेकडेनं चालायचो, आणि थोडं पुढं गेलं की गाणं बदलायचं. दोन ट्रॅक्टरांच्या मधोमध उभं राहिलं तर लावणी आणि रडगाणं एकदम ऐकू यायचं. ज्या ड्रायव्हरची आवड आपल्याशी जुळते त्याचा ऊस जास्त गोड असतो, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

आईच्या गाण्याची सुरुवातही त्याच गेटवर झालेली आहे, पण माझ्या जन्माच्या आधी.

आईचं माहेर पारनेरकडचं. घरात उपासनेच्या गीतांशिवाय दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. सिनेमा म्हणजे सैतानाचा बाजार, असं तिच्या वडिलांचं म्हणणं. त्यांच्या चर्चमधले एक मास्तर स्वतः गीतं रचायचे. चाल सुचली नाही की कुठून तरी आणायचे, आणि कुठून आणली ते सांगायचे नाहीत. मास्तर नगरला गेले की थिएटरात जाऊन बसतात हे गावाला माहीत नव्हतं. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्या शेजारच्या भजनी मंडळाची अर्धी भजनं सिनेमाच्याच चालीवर आहेत, आणि देवानं अजून तक्रार केलेली नाही. तर मास्तरांचं एक गीत आईचं फार आवडतं होतं. लहानपणापासून ती ते चर्चमध्ये म्हणायची, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एका दमात.

लग्न होऊन ती कॉलनीत आली ती हंगामातच. एक दिवस पप्पांच्या बरोबर भाजी आणायला गेटवरून चालली होती. तेव्हा ट्रॅक्टर थोडे आणि बैलगाड्याच जास्त. गेटसमोरच्या हॉटेलवाल्यानं गिऱ्हाईक ओढायला छपरावर कर्णा बसवला होता आणि तो दिवसभर रेकॉर्डी लावायचा. त्या कर्ण्यातून तिच्या गीताची चाल सुरू झाली. आई जागीच थांबली. डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली, डोळे मिटले आणि हात जोडून उभी राहिली. बैलगाड्यांच्या रांगेत, भर रस्त्यात. आजूबाजूचे गाडीवान बघायला लागले. मग हळूहळू शब्द तिच्या कानात शिरले. त्यात देवाचं नाव नव्हतं. एक बाई होती, एक बुवा होता, आणि त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं.

‘‘अहो,’’ आई डोळे उघडून पप्पांना म्हणाली, ‘‘हॉटेलवाल्यानं आमचं गीत चोरलं.’’

त्यावर पप्पा इतके हसले की त्यांना रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. लग्नानंतर ते पहिल्यांदा तेव्हा हसले, असं आई सांगते. पप्पा म्हणतात, त्याआधी हसण्यासारखं काही झालंच नव्हतं. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, आणि पुढच्या सुट्टीला कोपरगावात नेऊन तो सिनेमाच दाखवून आणला. आईनं गाण्याचे खरे शब्द पाठ केले, पण म्हणायची रीत मास्तरांच्या गीताचीच राहिली. दोन माणसांचं गाणं असलं तरी तिच्या तोंडात ते एकाच माणसाचं होतं. मध्ये थांबायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

स्नेहभोजनात ते म्हणायचं ठरलं तेव्हा पहिल्या वर्षी तिनं पप्पांना विचारलं होतं म्हणे, बुवाचं तुम्ही म्हणता का. पप्पांनी नुसती नकाराची मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

आणि आईच्या बरोबर म्हणायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. चर्चमध्ये कॅसिओ येण्याच्या आधी गीत ‘उचलायचं’ काम आईकडे होतं. वाजवायला काही नाही, मग एकानं पहिली ओळ म्हणून पट्टी ठरवून द्यायची, म्हणजे आवाज किती वरून किंवा किती खालून धरायचा ते, आणि बाकीच्यांनी त्यावर चालायचं. आई उचलायची ते थेट कौलांच्या उंचीवर. बायका आनंदानं मागोमाग जायच्या. पुरुष पहिल्या कडव्यातच वाटेत बसायचे आणि पुस्तकात तोंड घालून ओठ हलवायचे. पाळकसाहेबांनी एकदा सुचवलं, बाई, जरा खालून घेतलं तर सगळ्यांना म्हणता येईल. आई म्हणाली, ‘‘साहेब, गीत खाली पाडायचं आसतं व्हय?’’ त्यानंतर तो विषय निघाला नाही.

या उंचीचं मूळ रेडिओवरच्या एका गायिकेत आहे. आमच्या घरात तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचे, त्यामुळे मला लहानपणी वाटायचं की त्या आईच्या शाळेतल्या बाई असाव्यात. आईनं त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांचा फोटोसुद्धा उशिराच पाहिला आणि तो तिला पसंत पडला नाही. पण आवाज मात्र तिनं पुरता अंगात मुरवून घेतला होता. एका गाण्यात शेवटच्या कडव्याआधी बाईंचा श्वास रेकॉर्डवर ऐकू येतो. आईसुद्धा तिथंच आणि तसाच श्वास घ्यायची. मी एकदा तिला म्हटलं, अगं, तो काही गाण्यातला नाही. तर म्हणाली, ‘‘बाईंनी घेतला म्हंजे गान्यातलाच.’’

माझी स्वतःची आवडती गायिका कोण, हे मी सहसा सांगत नाही, कारण लोक हसतात. नगरच्या एका लग्नाच्या बँडमध्ये गाडीवर उभी राहून माईकवर गाणारी एक बाई होती. अंगात बँडवाल्यांचा लाल कोट, खाली साडी, पायात पांढरे बूट. नवरदेवाच्या मित्रांचा धिंगाणा चालू असायचा, आणि ती त्यांच्या डोक्यांवरून दूर कुठंतरी बघत जीव तोडून म्हणायची. लग्नसराई संपता संपता तिचा आवाज फाटायचा. मग ती वरचे सूर सरळ सोडून द्यायची, खालून म्हणायची, आणि तेव्हा तर मला ती जास्तच आवडायची. एकदा मी दिल्ली दरवाज्याजवळ वरातीत घुसून तिला सांगितलं, ताई, फार छान म्हणता तुम्ही. ती माईक बाजूला धरून म्हणाली, ‘‘ताई, पुढं सरका, वरात आडलीय.’’ कलावंताची स्तुती करायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ.

पप्पांचा आवडता गायक कोण, असं आमच्यापैकी कुणीही कधी विचारलं नाही. पप्पांना गाणं आवडत नाही हे आमच्या घरात सगळे धरूनच चालले होते. ते कारखान्यात पॅनवर होते. उसाचा रस आटवून आटवून त्याची साखर धरली की नाही ते बघायचं, अशी ती जागा. तिथं वाफेचा आणि यंत्रांचा इतका आवाज की माणसं खुणांनी बोलायची. तिथून घरी आलेल्या माणसाला शांतता हवी असणार, असा आमचा समज. रात्रपाळी करून आले की ते दिवसा झोपायचे, आणि आई रेडिओ अगदी बारीक करून त्याला कान लावून बसायची. आम्ही म्हणायचो, पप्पांना साखरेशिवाय गोड काही कळत नाही. ते ऐकून घ्यायचे.

मग मागच्या पावसाळ्यात आईच्या गळ्यात गाठ निघाली. नगरला ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, देवाची कृपा. डॉक्टर भले गृहस्थ होते, त्यांनी आधीच सांगितलं होतं की बोलणं येईल, वरचे सूर परत येतील का ते सांगता येत नाही. त्या वेळी आम्हाला ते काहीच वाटलं नाही. जिवावरचं टळतंय म्हटल्यावर सुराचं काय घेऊन बसायचं? आईनं मात्र तेवढंच ऐकलेलं होतं. शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं नाही. ओठ मिटून आतल्या आत काहीतरी करून बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

बोलणं आलं, पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. जाड, घोगरं, खालचं. आई गावी परत गेल्यावर एकदा मी नगरहून फोन केला, पलीकडून ‘हॅलो’ आलं आणि मी म्हणाले, ‘‘पप्पा, आईला द्या ना.’’ मग आई म्हणाली, ‘‘मीच हाय.’’ त्यानंतर आम्ही भाजीपाल्याबद्दल आणि हवापाण्याबद्दल बोललो. फोन ठेवल्यावर मी स्टोअरच्या मागच्या खोलीत जाऊन बसले.

तेव्हापासून आईचं गुणगुणणं बंद झालं. ज्या घरात भाकरीच्या थापटण्यालासुद्धा चाल असायची, तिथं आता नुसत्या भाकऱ्या व्हायच्या. रेडिओ तिनं स्वतःच्या हातानं कपाटावर ठेवून दिला. चर्चमध्ये पुस्तक उघडून बसायची आणि ओठही हलवायची नाही. मला वाटायचं, तिचं दुखणं बरं झालं आणि ती आजारी पडली.

नाताळ जवळ आला तसं चर्चमधल्या बायकांनी मोठ्या मनानं ठरवलं की यंदा काकूंच्या हस्ते मुलांना बक्षिसं द्यायची. त्यांचा हेतू चांगला होता. आई मला म्हणाली, ‘‘बक्षिसं द्यायला बसवत्यात म्हंजे गानं संपलं म्हनून समजायचं.’’ मग माझ्यातली स्टोअरवाली जागी झाली. मी म्हटलं, आई, मूळ गाणं मोबाईलवरून स्पीकरला लावू, तू माईक धरून उभी राहा, नुसते ओठ हलव, सगळे असंच करतात हल्ली.

‘‘मी काय मेले का,’’ ती म्हणाली, ‘‘माजा फोटू ठिवून रेकार्ड लावायला?’’

पप्पा ओट्यावर बसून दाढी करत होते. मला त्यांचा रागच आला. माणसानं अशा वेळी बायकोच्या बाजूनं एखादा शब्द बोलावा. मी तसं त्यांना तोंडावर म्हटलंसुद्धा, आणि त्यांनी आरसा जरा तिरका करून दुसरा गाल घेतला.

दोन दिवसांनी आईनंच कॅसिओवाल्याला निरोप धाडला. तो दूध डेअरीवर कामाला आहे, पन्नाशीचा, स्वभावानं गरीब. त्यानं कॅसिओ पलंगावर मांडला आणि नेहमीच्या पट्टीत सूर धरला. आईनं तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. ‘‘खाली घे,’’ ती म्हणाली. त्यानं घेतलं. ‘‘आजून खाली.’’ असं करता करता तो काळी एकपाशी आला, आणि तिथं आईचा आवाज टेकला. त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘‘काकू, ही तर पुरुषांची पट्टी झाली.’’ आणि मग त्यानं जीभ चावली.

‘‘मग पुरुष समजून वाजव,’’ आई म्हणाली.

तिनं पहिली ओळ म्हणून बघितली आणि थांबली. पुढचं म्हण ना, मी म्हटलं. ‘‘पुढचं येतंय मला,’’ ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली. ती घाबरली होती. आईला घाबरलेली मी त्याआधी फारशी पाहिलेली नाही, त्यामुळे मीही घाबरले. तिला सांगावं वाटत होतं की आई, नको म्हणूस. लोकांनी जुना आवाज लक्षात ठेवू दे. पण हे तिला कोण सांगणार? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मी काही उंदीर नव्हते, मुलगी होते, आणि मुलीला ते जास्तच अवघड असतं.

स्नेहभोजनाच्या संध्याकाळी आवारात मांडव होता, थंडी होती, पुलाव जरा मऊ झाला होता. संगीत खुर्चीत दोन जावा भांडल्या आणि पुन्हा बोलायला लागल्या. आईनं बक्षिसं दिली. मग गाणी सुरू झाली, आणि कुणी नाव पुकारायच्या आत ती उठली. ऑपरेशनचा वण झाकायला तिनं गळ्याभोवती शालीचं टोक घेतलं होतं, ते माईकसमोर गेल्यावर बाजूला केलं.

तिनं पहिली ओळ म्हटली, आणि मांडवात बोलणारी माणसं गप्प झाली. वाईट नव्हतं ते. खरं सांगते, वाईट नव्हतं. फक्त ती आमची आई नव्हती. गाण्यातली बाई एकदम वयस्कर झाली होती, जे विचारायचं ते तिनं आयुष्यभर थांबून आता विचारल्यासारखं वाटत होतं. ओळीचा शेवटचा सूर लांबवायचा असतो. आईनं तो लांबवला, आणि तिचा दम संपला.

इतकी वर्षं ती त्या सुरावरून तशीच पुढं जायची, बुवाच्या ओळीत. आता तिला जाता येईना. हात छातीवर, तोंड उघडं, आणि आवाज नाही. कॅसिओवाला बिचारा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. जाऊन तिला हाताला धरून आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात बुवाची ओळ सुरू झाली.

मला वाटलं कुणीतरी मोबाईल लावला, आणि त्या क्षणीसुद्धा माझं डोकं फिरलं. मग मी पाहिलं. पहिल्या रांगेत पप्पा खुर्चीतच बसलेले होते, मांडीवर टरफलं, नजर जमिनीकडे, आणि गात होते. आवाज भरड, पण जागच्या जागी. कुठला शब्द लांबवायचा, कुठला तोडायचा, सगळं बरोबर. हे काही ऐनवेळी धाडस करून म्हटलेलं नव्हतं. हा माणूस हे गाणं खूप वेळा गायलेला होता.

आई वळली. ती हसली नाही, रडली नाही, नुसती बघत राहिली, आणि त्या नादात तिची ओळ हुकली. पप्पा थांबले. ते तिची ओळ म्हणायला गेले नाहीत. कॅसिओवाल्यानं आणखी एक फेरी मारली, आईनं श्वास घेतला, आणि ती आली. मग तिनं विचारायचं, त्यांनी सांगायचं, असं ते पार शेवटपर्यंत गेलं. शेवटच्या कडव्यात पप्पा एक शब्द विसरले आणि तिथं त्यांनी नुसतं ‘हं हं’ केलं, तेव्हा मांडव हसला. मी मात्र रडत होते. शेजारच्या बाईनं मला रुमाल दिला, तर तो लहान मुलाचं नाक पुसलेला निघाला.

घरी चालत येताना आई पुढं आणि आम्ही मागं. ती रागावलेली होती, पाठीवरूनच कळत होतं. दारात आल्यावर ती पप्पांना म्हणाली, ‘‘येत हुतं तर इतकी वर्सं शेंगा काय खात बसला?’’

पप्पा चपला काढत होते. ‘‘तुजी पट्टी कुठं अन् माजा आवाज कुठं,’’ ते म्हणाले. ‘‘मी पॅनवर म्हनायचो. तिथं कुनाला ऐकू जातंय? आपल्या आवाजात, आपल्यापुरतं.’’

‘‘मग मला सांगायचं. मी खालून घेतलं आसतं.’’

‘‘तू मधी थांबलीस तर सांगनार ना.’’

आई उंबऱ्यावर बसली. बराच वेळ तिनं शालीचं टोक दुमडलं आणि उलगडलं. मग म्हणाली, ‘‘मला वाटायचं तुमाला येत न्हाई. लोकांम्होरं तुमची बाजू रिकामी दिसाय नको, म्हनून मी तुमचंबी म्हनत हुते.’’

पप्पा आत गेले आणि त्यांनी तिच्यासाठी पाणी गरम करायला ठेवलं.

याला आता काही महिने झाले. आईचा आवाज वर गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. पण स्वयंपाकघरात ती पुन्हा गुणगुणायला लागली आहे, त्याच घोगऱ्या आवाजात, आणि जास्त करून तेच गाणं. फरक एवढाच की बुवाची ओळ आली की ती थांबते. पप्पा अंगणात असले तर तिथून म्हणतात, आणि त्यांचं लक्ष नसलं तर आई ‘अहो’ म्हणून हाक मारते, म्हणजे ते म्हणतात.

मागच्या रविवारी मी गावी गेले होते. पप्पा आठवडे बाजाराला गेलेले होते. आई कालवणाला फोडणी देत होती आणि गाणं चालू होतं. तिची ओळ संपली आणि ती थांबली. घरात तिसरं कुणी नव्हतं, सूर तसाच अधांतरी राहिलेला मला बघवेना, म्हणून मी पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं. आईनं हातातल्या पळीसकट हात वर करून मला थांबवलं.

‘‘ती तुजी न्हाई,’’ ती म्हणाली, आणि तेवढा वेळ तसाच जाऊ देऊन मग पुढची आपली ओळ म्हणायला लागली.